"गट करा" म्हटल्याने गट होत नाही: वर्गातल्या पोरांना एकमेकांसोबत काम करायला कसं शिकवायचं

चार-पाच वर्षं झाली असतील. नववीच्या वर्गाला मी पाच-पाच जणांचे गट पाडून दिले, विषय दिला पाणी, आठ दिवसांनी चार्ट आले, सगळे रंगीत. त्यातल्या सगळ्यात देखण्या चार्टवरची पाच नावं मी वर्गात मोठ्याने वाचली, टाळ्या झाल्या. मधल्या सुट्टीत त्या गटातली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली, तिच्या करंगळीखाली तळहाताला स्केचपेनची निळी शाई तशीच लागलेली होती, आणि खाली बघून म्हणाली, "मॅडम, पुढच्या टाइमाला माले एकटीलेच द्या."

विचारल्यावर कळलं की रात्री एकपर्यंत जागून सगळं तिने केलं होतं. दोघांनी दहा-दहा रुपये दिले, एकाने चार्ट गुंडाळून शाळेत आणला, आणि एका मुलाला तर आपण कुठल्या गटात आहोत हेच माहीत नव्हतं. चूक माझी होती. मी पोरांना गट दिला होता, पण गटात काम कसं करायचं हे कधी शिकवलंच नव्हतं. आपण गणित शिकवतो, व्याकरण शिकवतो, आणि हे मात्र पोरांना आपोआप येत असेल असं धरून चालतो.

तेव्हापासून दरवर्षी जूनपासून मी हे नीट ठरवून करते. अमळनेर-पारोळा पट्ट्यातली आमची शाळा, वर्गात ४८ पोरं, निम्मी एसटीने आसपासच्या खेड्यांतून येणारी. जे जमलं, जे फसलं ते सगळं खाली लिहिते आहे. शिक्षकांसाठी आहे, पण पालकांनीही वाचावं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करून घ्या. सगळ्यांनी एकमेकांचे जिगरी दोस्त व्हावं हा आपला हेतू नाही, ते आपल्या हातातही नाही. ज्याच्याशी आपलं फारसं पटत नाही अशा पोरासोबतही अर्धा तास नीट काम करता आलं पाहिजे, त्याला कमी न लेखता आणि स्वतःही दबून न जाता, एवढंच शिकवायचं आहे. "तुम्ही सगळे मित्र आहात ना, मग भांडता कशाला" हे वाक्य मी वर्गात बोलणं सोडून दिलं, कारण ते खरं नसतं आणि पोरांना ते खरं नाही हे माहीत असतं.

आधी दहा दिवस फक्त बघा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की लगेच गट पाडू नका. एक वही करा आणि बघा. कोण कुणाजवळ बसतं, डबा कुणात उघडतो, मधल्या सुट्टीत कोण हापशीजवळ एकटंच उभं असतं, वर्गात प्रश्न विचारला की कुणाच्या उत्तराला बाकीचे हसतात. आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात पोरं एसटीच्या गाडीप्रमाणे बसतात, एका गाडीची एका बाजूला. आणि गावातली पोरं गल्लीप्रमाणे. गल्लीप्रमाणे म्हणजे पुष्कळदा जातीप्रमाणे, हे आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. बोलू नका हवं तर, पण वहीत नोंद करा, कारण पुढचे सगळे गट पाडताना हीच नोंद कामाला येणार आहे.

दहाव्या दिवशी चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकाला छोटा कागद, त्यावर स्वतःचं नाव आणि "मला कुणासोबत काम करायला आवडेल" अशी तीन नावं. घरी येऊन एका मोठ्या कागदावर सगळी नावं गोलात मांडा आणि ज्याने ज्याचं नाव लिहिलं त्याच्याकडे बाण काढा. ही पद्धत माझी नाही, जेकब मोरेनो नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात ती मांडली, सोशिओमेट्री म्हणतात तिला, बीएडला आपण सगळ्यांनी पाठ करून सोडून दिलेली असते. पण एकदा खरंच करून बघा. कुणाकडे अकरा बाण जातात, कुणाकडे एकही नाही, आणि एकही नाही ते पोरगं बहुतेक वेळा आपल्या लक्षात आलेलंच नसतं कारण ते त्रास देत नाही, गप्प असतं.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. "कुणासोबत काम करायचं नाही" हा प्रश्न कधीही विचारू नका, तो कागदावर आला की संध्याकाळपर्यंत गावात पोचतो. आणि तो बाणांचा कागद शाळेत ठेवू नका, स्टाफरूममध्येही नको.

गटाच्या आधी जोडी

सुरुवातीलाच पाच जणांचा गट म्हणजे पोहायला न येणाऱ्याला थेट तापीत उतरवणं. दोघांपासून सुरू करा. जुलै सगळा मी जोड्यांवर घालवते, रोज फक्त दहा मिनिटं.

जोड्या चिठ्ठ्यांनी पाडते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढायची, केळीचा घड, कापसाचं बोंड, बैलगाडी, जातं, प्रत्येक चित्र मधून कापायचं, पोरांनी अर्धा तुकडा उचलायचा आणि उरलेला अर्धा कुणाकडे आहे तो शोधायचा. मॅडमने बसवलं असं होत नाही, त्यामुळे कुरकुर कमी होते. नववीत मुलगा-मुलगी जोडी आली की वर्गात हसू पिकतं, आणि त्याचा त्रास मुलीलाच होतो, म्हणून पहिले दोन महिने मी मुलींच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात आणि मुलांच्या वेगळ्या डब्यात ठेवते. चौघांचे गट सुरू झाले की दोन मुली दोन मुलं अशी सरमिसळ करते, म्हणजे कुणीच एकटं पडत नाही. घाई केली तर एखाद्या घरून निरोप येतो आणि मग मुलगी गटात बसते पण तोंड उघडत नाही.

जोडीला काम काय द्यायचं? एकाने दोन मिनिटं बोलायचं, आज सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय केलं ते. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. मग दुसऱ्याने ते तसंच परत सांगायचं आणि पहिल्याने "बरोबर" किंवा "हे राहिलं" म्हणायचं. सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाला जमत नाही. एका मुलाने जोडीदाराचं ऐकून वर्गाला सांगितलं होतं, "हा पहाटे चारला उठतो, म्हशींचं शेण काढतो, दूध डेअरीवर घालतो आणि मग गाडी पकडतो." याच मुलाला आम्ही सगळे शिक्षक पहिल्या तासाला पेंगतो म्हणून बोलायचो. त्या दिवशी वर्ग शांत झाला होता, आणि मीही.

पोरांच्या हातात वाक्यं द्या

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

पोरं भांडतात तेव्हा आपल्याला वाटतं त्यांना समंजसपणा नाही. मला आता असं वाटतं की त्यांच्याकडे शब्दच नसतात. सोबतचा काम करत नसेल तर काय म्हणायचं हे त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं. घरी, शेतात, रस्त्यावर त्यांनी दोनच पद्धती बघितल्या, ओरडणं नाहीतर गप्प बसून सगळं स्वतः करणं. चार्टवाली मुलगी दुसऱ्या पद्धतीची होती.

म्हणून मी फळ्यावर प्रसंग लिहिते आणि पोरांकडूनच वाक्यं काढून घेते. प्रसंग असा, तुझ्या गटातल्याने सोमवारी नकाशा आणतो म्हटलं, आज गुरुवार, आणला नाही. पहिल्यांदा येतात ती वाक्यं ठरलेली, "तू कधीच काही करत नाही", "मॅडमला नाव सांगेन", "जाऊ दे, मीच करतो". मग विचारायचं, हे तुला कुणी म्हटलं तर तू नकाशा आणशील का? नाही म्हणतात. मग दुसरी वाक्यं शोधायची. दोन-तीन तासिका घालवल्यावर आमच्या वर्गाने बनवलेली आणि भिंतीवर लावलेली काही:

"नकाशा सोमवारी येणार होता, अजून आला नाही. काही अडचण आली का?"

"मला हे समजलं नाही, परत सांगशील?"

"तुझं म्हणणं मला पटत नाही, कारण…" (कारण सांगितल्याशिवाय हे वाक्य पूर्ण होत नाही, हा नियम.)

"हे माझ्याच्याने एकट्याने होणार नाही."

"मी चुकलो. आता काय करू?"

"थांब, तिचं बोलून झालं नाही."

शेवटचं वाक्य पोरांनी नाही, एका मुलीने एकटीने सुचवलं होतं, आणि वर्षभर सगळ्यात जास्त तेच वापरलं गेलं.

ही वाक्यं नुसती लिहून भिंतीला चिकटवली तर तिथेच राहतात. त्यांची तालीम घ्या. दोघांना पुढे बोलवा, एक नकाशा न आणणारा, एक विचारणारा, आणि आधी वाईट पद्धतीने करायला लावा, मग नीट. वाईट पद्धत पोरं फार मनापासून करतात, हसतात, आणि त्या हसण्यातच त्यांना ते किती लागतं हे कळतं.

आणि भाषा. अहिराणीत बोलू द्या. "तुना नकाशा काबर नही उना, काही अडचन शे का?" हे वाक्य त्या पोराच्या तोंडून जितकं सहज निघेल तितकं प्रमाण मराठीतलं निघणार नाही. गटाची चर्चा घरच्या भाषेत, वहीत लिहिणं प्रमाण मराठीत, असा आमचा करार आहे. यावल-रावेरकडून आलेलं एखादं पोरगं तावडीत बोलतं, चोपडा-शिरपूरच्या सातपुड्याकडची पोरं घरी पावरी बोलतात, त्यांना तर मराठी हीच दुसरी भाषा. त्यांच्या बोलण्याला कुणी हसलं की मी काम तिथल्या तिथे थांबवते. ओरडत नाही. फक्त म्हणते, आपण सगळे त्याच्याकडून पाच शब्द शिकणार आहोत, आणि खरंच शिकतो, वहीत लिहून घेतो. त्या पोराला मात्र आधी हळूच विचारून घ्या, चालेल का म्हणून. नाही म्हणाला तर सोडून द्या.

काम असं द्या की एकाला बाजूला ठेवून होणारच नाही

चार्टमध्ये माझी खरी चूक ही होती. ते काम एकटी मुलगी करू शकत होती, म्हणून तिने केलं. पोरं आळशी होती हे त्यानंतरचं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञासमोर हाच प्रश्न मोठ्या रूपात आला होता. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसायला लागली होती आणि रोज मारामाऱ्या होत होत्या. त्याने भाषणं दिली नाहीत, कामाची रचना बदलली. धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा, त्यामुळे पूर्ण धडा कळायला प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकावंच लागायचं. जिगसॉ पद्धत म्हणतात हिला. आपल्या ४८ च्या वर्गात ती अशी बसते.

चौघांचे बारा गट करा. विषय घ्या तापी नदी. चार तुकडे: पहिला उगम आणि मार्ग (मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईपासून सुरतजवळच्या समुद्रापर्यंत, ७२४ किलोमीटर), दुसरा उपनद्या (पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमाई), तिसरा धरणं (हतनूर, गिरणेवरचं गिरणा धरण, पुढे गुजरातेत उकाई), चौथा या पाण्यावरची शेती. प्रत्येक तुकडा एका पानावर लिहून गटातल्या एकेकाला द्या. आता बाराही गटांतली "उपनद्या"वाली पोरं एकत्र येतात, बारा जण जास्त होतात म्हणून त्यांचे परत चार-चारचे तीन घोळके, आणि एका तासिकेत ती आपला तुकडा घोटून घेतात, काय सांगायचं, फळ्याशिवाय कसं समजवायचं. दुसऱ्या तासिकेला सगळे आपापल्या मूळ गटात परत, प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाची एकट्याची छोटी चाचणी, चारही तुकड्यांवर.

हे मधलं घोटून घेणं टाळू नका. वाचायला कच्चं असलेलं पोरगं सरळ गटात गेलं तर अडखळतं आणि बाकीचे त्याच्यावर चिडतात, म्हणजे उलटाच परिणाम. आधी तीन जणांसोबत तेच पान चारदा बोलून झालेलं असलं की तेच पोरगं धीटपणे सांगतं. पहिल्या दोन वेळेला गोंधळ होईल, वेळ पुरणार नाही. तिसऱ्या वेळेपासून बसतं.

फड आणि पाटकरी

चौथ्या तुकड्यातूनच आम्हाला आमची गटाची पद्धत सापडली. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पांझरेवर फड बागायत आहे, कित्येक पिढ्यांपासूनची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कुणी आपल्या मनाने वळवायचं नाही, ते पाटकरी देणार, ठरलेल्या पाळीने. पाट साफ करायचं काम सगळ्यांचं. पाणी कमी पडलं तर झळ सगळ्यांना सारखी.

हे शिकवताना एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आपल्या गटात पण पाटकरी पाहिजे, तो एकटाच बोलत ऱ्हातो." तेव्हापासून आमच्या गटाला फड म्हणतात आणि प्रत्येक फडात एक पाटकरी असतो. त्याचं काम एकच, बोलण्याची पाळी प्रत्येकाला मिळते की नाही बघणं. तो गटप्रमुख नाही, त्याला हुकूम करायचा अधिकार नाही. दुसरा लिहिणारा, तिसरा वेळ आणि सामान बघणारा, चौथा विचारणारा, म्हणजे गटाला अडलं तर माझ्याकडे फक्त तोच येणार, आणि तोही आधी तिघांना विचारून. दर पंधरा दिवसांनी कामं फिरतात. सुंदर अक्षरवाली मुलगी कायम लिहिणारी आणि धिप्पाड मुलगा कायम प्रमुख, हे असं होऊ देऊ नका. सगळ्यात बडबड्या पोराला पाटकरी करा एकदा. दुसऱ्यांना पाळी देता देता तो ऐकायला शिकतो, मी हे दोन-तीनदा तरी डोळ्यांनी बघितलं आहे.

मोठं काम असेल तर सुरू करायच्या आधी अर्ध्या पानाचा करार लिहून घ्या: कोण काय करणार, कधीपर्यंत, अडलं तर कुणाला सांगणार. खाली चौघांच्या सह्या. पोरांना सही करायला फार आवडतं आणि नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" हा वाद राहत नाही. काम वाटून कसं घ्यायचं हे समजत नसेल तर त्यांना विचारा, कानबाईच्या वेळी तुमच्या घरी कामं कशी वाटतात? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते, रोटाचं दळण कोण करतं, सजावट कुणाकडे, पुरण कोण बघतं, उशीर झाला तर कोण बोलतं, सगळं पोरं धडाधड सांगतात. त्यांना येतं हो. फक्त ते शाळेतही चालतं हे कुणी सांगितलेलं नसतं.

एक करणार, चार खाणार: हे कसं थांबवायचं

फ्रान्समध्ये रिंगलमन नावाचा शेती अभियंता होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ साली ते प्रसिद्ध केलं: माणसं वाढवली तसा एकूण जोर वाढतो, पण प्रत्येकाचा स्वतःचा जोर कमी होत जातो. आपल्याकडे पोळ्याला बैल धुवायला किंवा गाडा ढकलायला सगळे हात लावतात तेव्हाही हे दिसतं. म्हणून गट चौघांचाच. पाच झाले की एकाला लपायला जागा मिळते.

मार्कांचंही तसंच. वीस मार्कांचं काम असेल तर मी बारा मार्क एकट्याच्या चाचणीला देते, पाच गटाच्या कामाला, आणि तीन प्रत्येकाने लिहिलेल्या हिशेबाला: मी काय केलं, दुसऱ्याने कशात मदत केली. सगळे मार्क गटाला दिले की हुशार पोरं चिडतात, त्यांचं चुकतही नाही. गटाचे मार्क अजिबात दिले नाहीत तर जो तो आपलं बघतो.

गटाचं काम शाळेतच करून घ्या, घरी देऊ नका. घरी दिलं की एसटीने येणारं पोरगं बाहेर पडतं, मुलीला दुसऱ्याच्या घरी पाठवत नाहीत, आणि खर्च येतो. चार्ट, रंग, थर्माकोल यात चाळीस-पन्नास रुपये सहज जातात, ज्याच्याकडे ते नसतात ते पोरगं त्या दिवशी शाळेतच येत नाही. आमच्याकडे जुनी कॅलेंडरं, खोके, माती, एवढंच चालतं. विकत काही आणायचं नाही.

मातीवरून आठवलं. एका वर्षी मैदानाच्या कडेला फडाचं मॉडेल करत होतो, बंधारा, पाट, तीन फड. एका गटाचा बंधारा सारखा फुटत होता, पाणी ओतलं की बुडातून झिरपायचं, चौघांपैकी तिघं एकमेकांवर ओरडत होते. चौथा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेला, मामाकडे राहून शिकणारा, जूनपासून वर्गात दहा वाक्यंसुद्धा बोलला नसेल. पाटकरी असलेली मुलगी त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुझी पाळी राहिली." तो उठला, वाळकं गवत घेऊन आला, मातीत पायाने मळलं, खाली आधी बारीक खडे भरले आणि वरून तो चिखल थापला, बोटांनी कडेला दाबत दाबत. मग बादलीकडे बोट दाखवलं. पाणी थांबलं. ओरडणाऱ्यातला एक खाली बसला आणि म्हणाला, "माले बी दाखाड ना." मी मुद्दाम जवळ गेले नाही.

भांडण झालं तर

होणारच. लगेच दोघांना समोर उभं करून "सॉरी म्हणा" करू नका, ते सॉरी शाळा सुटेपर्यंतच टिकतं.

आधी थंड होऊ द्या, पाणी प्यायला पाठवा, वेगवेगळं. मग दोघांना वर्गाबाहेर, बाकीच्यांच्या नजरेआड बसवा. एकेकाने बोलायचं: काय झालं, तेव्हा मला कसं वाटलं. दुसऱ्याने ते आधी परत सांगायचं (जुलैमधली जोडीची सवय इथे कामाला येते) आणि मगच स्वतःचं. नंतर विचारायचं, आता उद्यापासून काय करायचं, आणि उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्यायचं, फालतू वाटलं तरी. कागदावर एक ओळ लिहून घ्या. तीन दिवसांनी दोघांना परत विचारा. हे तिसऱ्या दिवसाचं विचारणं बहुतेक जण विसरतात आणि म्हणूनच भांडण परत उगवतं.

पण प्रत्येक गोष्ट भांडण नसते. एकच पोरगं रोज, पुन्हापुन्हा, त्याच दोघा-तिघांकडून चिडवलं जात असेल, मारलं जात असेल, जातीवरून, रंगावरून, अंगावरून बोललं जात असेल, त्याचा डबा-वही लपवली जात असेल तर तो छळ आहे, आणि तिथे समोरासमोर बसवून समेट करायचा नसतो. त्रास सोसणाऱ्याला त्रास देणाऱ्यासमोर बसवलं की ते घाबरून "काही नाही मॅडम" म्हणतं. त्याच्याशी एकट्याशी बोला, लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना सांगा, दोन्हीकडच्या पालकांना वेगवेगळं बोलवा, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असते ती) कागदावरच ठेवू नका. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फुकट लागतो, चोवीस तास, तो भिंतीवर लिहा आणि पोरांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. आणि अशा पोराला मित्र जमवायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका, "तू पण जरा मिसळत जा" हे वाक्य फार क्रूर आहे.

कापूस वेचणीचे महिने

दिवाळीनंतर आमचा वर्ग अर्धा होतो. कापूस फुटला की पोरं वेचणीला, ऊसतोडीला जाणाऱ्या घरची तर चार-चार महिने बाहेर. गट मोडतात. यावर शाळा एकटी पुरी पडत नाही, पण परत आलेलं पोरगं परकं होऊ नये एवढं तरी करता येतं.

सप्टेंबरमध्येच प्रत्येकाला एक सांभाळजोडीदार ठरवून द्या. तो गैरहजर असला की त्याच्या नावाची एक वही दुसरा ठेवतो, रोज फक्त तीन-चार ओळी, आज काय झालं. सगळा धडा उतरवायची गरज नाही. परत आल्याच्या पहिल्या दिवशी त्या दोघांना पंधरा मिनिटं मोकळी द्या. आणि त्या दिवशी त्याला "इतके दिवस कुठे होतास" असं वर्गात विचारू नका, माहीत असतं आपल्याला. बोटांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे असतात.

शुक्रवारची दहा मिनिटं

दर शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येक फड बसतो, वही नाही, मार्क नाहीत. तीन प्रश्न: या आठवड्यात आपल्या गटात काय बरं झालं, कुणाची कशात मदत झाली (नाव घेऊन सांगायचं), पुढच्या आठवड्यात एक काय बदलायचं. मीही त्यांच्यात खाली बसते आणि माझं सांगते, कुठे मी ओरडायला नको होतं तेही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते, वसतिगृह सांभाळायचे, आणि मुलांची बारीकसारीक कामं स्वतःच्या हाताने करायचे हे आमच्याकडे अजून सांगतात. मोठं माणूस जे करतं ते पोरं बघतात. शिक्षक-शिक्षक एकमेकांशी स्टाफरूममध्ये कसे बोलतात हेसुद्धा त्यांना बाहेर ऐकू जातं.

घरच्यांसाठी दोन शब्द

"तुझ्या गटात कोण कोण आहे, आणि ते कुठल्या गल्लीतले" असं विचारू नका. "आज तुझ्या गटातल्याकडून तुला नवं काय कळलं" असं विचारा. पोरगं तक्रार घेऊन आलं की लगेच शाळेत फोन नको, आधी विचारा, तू त्याला काय म्हणालास? आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट असला तर रात्री आठनंतर बंद, गटातल्या कुणाचा फोटो विचारल्याशिवाय टाकायचा नाही, आणि भांडण तिथे लिहायचं नाही, समोर भेटून बोलायचं. फोन बहुतेक घरी वडिलांचाच असतो, त्यामुळे हे तुम्हाला जमण्यासारखं आहे.

जानेवारीत परत चिठ्ठ्या

वेचणी आवरत आली, पोरं परतली की तोच प्रश्न, परत तीन नावं. घरी बसून परत बाण काढा आणि जूनचा कागद शेजारी ठेवा. सगळं बदललेलं नसतं. एकाच गाडीची पोरं अजूनही एकमेकांची नावं लिहितात, लिहू द्या. मी एवढंच बघते की गल्ली ओलांडून किती बाण गेले, आणि जूनमध्ये ज्यांच्याकडे एकही नव्हता त्यांच्याकडे आता आहे का. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन पोरं तरी उरतात ज्यांच्याकडे तेव्हाही बाण नसतो. त्यांना फेब्रुवारीत मी सगळ्यात समजूतदार दोघांच्या गटात बसवते, आणि ज्याला जे चांगलं येतं, कुणाला सायकलचं पंक्चर, कुणाला चित्र, कुणाला गुणाकार, ते वर्गाला शिकवायचं काम त्याच्या गटाकडे देते, त्याला एकट्याला पुढे उभं करत नाही. वार्षिक परीक्षेआधी एकदा अजून चिठ्ठ्या, आणि मग दहावीला जो वर्गशिक्षक येणार आहे त्याला त्या दोन-तीन पोरांबद्दल तोंडी, दार लावून, नीट सांगते.